आठवणींचं पुस्तक: छपाई उत्तम, अण्णांना मात्र इस्त्री जरा जास्तच

निकाल आधी सांगून टाकते, कारणं मागाहून. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून त्यांचं पुस्तक छापून देणारी सेवा आम्ही अण्णांसाठी घेतली. रेकॉर्डिंगला पाचपैकी पाच. फोटो, कागद, बांधणी यांना साडेचार. लिखाणाला दोन, तेही लिहिणाऱ्याने मन लावून केलंय म्हणून. पुन्हा घ्याल का विचारलंत तर हो, पण अटी घालून. सेवेचं नाव देत नाही. चालवणाऱ्या बाई भल्या आहेत आणि माझं भांडण त्यांच्या एकट्यांशी नाही. अशी पुस्तकं ज्या रीतीने लिहिली जातात त्या रीतीशी आहे.

माझी ओळख एवढीच, की ठाण्याच्या कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या आठवणी उतरवून घ्यायचंच काम. फरक इतकाच की तिथे आठवण सांगायच्या आधी शपथ घ्यावी लागते.

पॅकेज ४५,००० रुपयांचं, जीएसटी वेगळा. त्यात घरी येऊन सहा बैठका, चाळीस जुने फोटो स्कॅन करून स्वच्छ करणं, दीडशे पानांपर्यंतचं पुस्तक आणि पंचवीस प्रती. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर देतात, पण मागितलं तर. मी मागितलं. जाहिरातीत ठळक लिहिलंय, ‘तुमच्या आठवणी, जशाच्या तशा.’ या चार शब्दांवरच पुढे आमचं वाजलं.

रेकॉर्डिंगला येणारी मुलगी कळव्याची, वय पंचविशीच्या आत. तिचं कौतुक करावं तितकं थोडं. आली की पंखा बंद करायची, अण्णांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाला छोटा माइक अडकवायची, आणि आईला म्हणायची, “आजी, तेवढा कुकर नंतर लावाल का?” आईने एकदाही ऐकलं नाही, त्यामुळे अण्णांच्या अख्ख्या बालपणात शिट्ट्या आहेत. अण्णा अडखळले की ही पोरगी गप्प बसायची, आणि ते फार कमी जणांना जमतं. आमच्याकडे नवे वकील याच जागी घाई करायचे; साक्षीदार आठवत असतो आणि हे पुढचा प्रश्न टाकून मोकळे.

एक खोड मात्र तिला होती. “तेव्हा ठाण्यात अगदी शांतता असेल ना, आजोबा?” असं विचारायची. अण्णा म्हणायचे, “हो, शांतताच.” आता वागळे इस्टेटीत लेथच्या खडखडाटात उमेदीची वर्षं काढलेला माणूस शांततेला हो म्हणाला, कारण समोरच्या गोड मुलीला हो हवं होतं. कोर्टात याला सूचक प्रश्न म्हणतात, आणि आपल्याच साक्षीदाराला सरतपासात, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या वकिलाच्या पहिल्या तपासणीत, तो विचारायला मनाई असते, ती उगीच नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना गाड्यांच्या धडकेची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, ‘लागल्या’ तेव्हा किती होता. आदळल्यावाल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी ज्यांच्या प्रश्नात जोरदार क्रियापद होतं, त्यांतल्या पन्नासपैकी सोळा जणांना ती दिसली होती. एका क्रियापदाने एवढं होतं, तर दीड तासाच्या लाडिक ‘असेल ना’ने काय होईल? पण मुलगी नवी आहे, शिकेल. गुण कापलेले नाहीत.

पुस्तक देखणं आहे. शिवण बांधणी, टाइप मोठा, कागद पिवळसर. आईच्या लग्नातल्या फोटोवरचा ओल लागल्याचा डाग त्यांनी असा काढलाय की आई म्हणाली, “ही मी नव्हेच.” मुद्रितशोधन बरं. एक चूक मात्र अण्णांच्या जिव्हारी लागली. अण्णा टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर. टेपमध्ये ते सांगतात की मायक्रोमीटर लावायच्या आधी जॉबवर, म्हणजे लेथवर घडवलेल्या तुकड्यावर, नुसतं बोट फिरवून ते म्हणायचे, “दोन थाऊ जास्त आहे.” सांगताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासतात, तो आवाजसुद्धा माइकने पकडलाय. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पुस्तकात छापलंय, ‘दोन मिलिमीटर जास्त आहे.’ अण्णांनी चष्मा काढून ठेवला. “दोन मिलिमीटर जास्त म्हणजे आंधळ्यालापण कळेल. त्यात माझी काय हुशारी?”

आता लिखाणाकडे येते, म्हणजे ट्रामकडे.

मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद झाली. शेवटची फेरी बोरीबंदर ते दादर. तेव्हा अण्णांचं लग्न व्हायचं होतं आणि ते परळला थोरल्या भावाकडे राहायचे. ठाण्याला आले ते नंतर, वागळे इस्टेटीत नोकरी लागल्यावर. त्या शेवटच्या ट्रामची गोष्ट आमच्या घरात कायम असायची. टेपवरून ती मी अक्षर न अक्षर उतरवून घेतली आहे:

“शेवटची ट्राम गेली ना, तिच्यात मी होतो. बोरीबंदरला बसलो. खिडकीशी जागा मिळाली. ही होती बरोबर... नाही, ही कशी असेल? दादा असेल. मला वाटतं दादाच होता. परळला उतरायचं तर उतरलो नाही, म्हटलं शेवटची आहे, जाऊ दादरपर्यंत. आणि मग तेवढं उलट चालत आलो. पायातली चप्पल नवी होती, ती लागली. हे बघ, इथे.”

‘इथे’ म्हणताना त्यांनी खरंच पाय वर घेऊन टाच दाखवली होती. मुलगी हसल्याचं ऐकू येतं.

आणि पुस्तकात आहे ते असं: ‘३१ मार्च १९६४. रात्रीचे दहा वाजले होते. बोरीबंदरहून दादरकडे निघालेली मुंबईची शेवटची ट्राम प्रवाशांनी खच्चून भरली होती. रस्त्याच्या दुतर्फा मुंबईकर निरोप द्यायला उभे होते. मी आणि माझे थोरले बंधू त्या ऐतिहासिक क्षणाचे साक्षीदार होतो. नकळत माझे डोळे पाणावले.’

यातली तारीख खरी. वेळ खरी. ट्राम गच्च भरली होती, लोक दोन्ही बाजूंना उभे होते, हेही नोंदलेलं आहे; लिहिणाऱ्याने शोधून काढलं, मेहनत घेतली. आणि या मेहनतीपायी अण्णांची खिडकीजवळची जागा गेली, चप्पल गेली, ‘मला वाटतं’ गेलं, आणि आई येऊन परत गेली तो अर्धा क्षण गेला. टेपमध्ये आठवण डळमळते, हात पुढे करून चाचपडते, म्हणून ती कुणातरी एका माणसाची आहे हे कळतं. पुस्तकातला परिच्छेद त्या रात्री मुंबईत असलेल्या कुणाच्याही नावावर खपला असता. डोळे पाणावल्याचं तर अण्णा टेपमध्ये कुठेच म्हणत नाहीत.

खिडकीशी जागा मिळाली असेल तर ती शेवटची ट्राम असेल का, ही शंका मलाही आली. आईला विचारलं. आई शांतपणे म्हणाली, “लग्न झाल्यावर मला हेच म्हणाले होते की ट्राम हुकली. सेकंड शिफ्ट होती, पोचले तोवर गेली होती, म्हणून चालत घरी. आणि तेव्हा हे भायखळ्याला कामाला. भायखळ्याला सुटणारा माणूस ट्राम पकडायला बोरीबंदरला कशाला जाईल?” इतकी सुटसुटीत उलटतपासणी मी भल्याभल्या वकिलांची उतरवून घेतलेली नाही. अर्थात आईचीही साक्ष साठ वर्षं जुनीच, आणि तीही ऐकीव.

मी काही अण्णांना खोटं पाडायला बसलेले नाही. कोर्टात विसंगती सापडली म्हणजे साक्षीदार खोटा, असं धरत नाहीत. उलट चार साक्षीदार शब्दाला शब्द एकच सांगायला लागले की न्यायाधीशांच्या कपाळाला आठी पडते: पढवलेले दिसतात. किरकोळ विसंगती हा खऱ्या आठवणीचा गुण मानतात. माझी तक्रार ही की पैसे मोजून आम्ही अण्णांना पढवलेला साक्षीदार करून घेतलं.

आणि हे नुसतं कागदावर राहत नाही, ही खरी गोम आहे. पुस्तक आल्यापासून अण्णा ते रोज थोडं वाचतात. परवा कचराळी तलावावर त्यांच्या फिरायच्या मंडळींना ट्रामची गोष्ट सांगत होते, मी शेजारी उभी. “काय गर्दी म्हणून सांगू! दुतर्फा माणसं!” दुतर्फा हा शब्द अण्णांनी जन्मात कधी वापरलेला नाही. खिडकीचं नाव नाही, टाचेचं नाव नाही.

हे सगळं मालकीणबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अहो ताई, पुस्तक म्हटलं की थोडं साहित्यिक करावंच लागतं.” इथे मात्र माझं डोकं फिरलं. साहित्याचं नाव असं पुढे करू नये. चांगलं साहित्य नेमकं उलटं करतं, आणि आपल्या मराठीत त्याचे नमुने मुबलक आहेत.

‘स्मृतिचित्रे’ घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, पुस्तकाचे भाग छापून आले १९३४ ते ३६ मध्ये, म्हणजे बाई साठीच्या पुढे. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचं त्या सांगतात ती कहाणी सुरू होते १८५७ च्या बंडातल्या घरच्या दुःखापासून, म्हणजे स्वतःच्या जन्माच्या आधीपासून. ऐकलेलं, घरात मुरलेलं, आणि मग स्वतः भोगलेलं, असं एकात एक येतं. वाचताना कुठेही असं वाटत नाही की बाई आपल्याला इतिहास सांगताहेत. स्वतःची फजिती सांगायला त्यांना कसलीच भीड नाही. त्यांच्या लिखाणाला आमच्या या लेखकाच्या हाती दिलं असतं तर, मला वाटतं, पहिल्या पानावरच ‘नकळत डोळे पाणावले’ आलं असतं.

किंवा ‘बलुतं’, १९७८. दया पवारांनी त्यात केलेली युक्ती मला कोर्टवाली म्हणून जास्तच भावते. सांगणारा दगडू मारुती पवार आणि ऐकणारा दया पवार, एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसवले आहेत. सगळ्यांनी मागे सोडून दिलेलं ज्याला आठवतं तो एक, आणि शिकून सवरून पांढरपेशांत वावरणारा दुसरा. सांगणारा आणि लिहून घेणारा यांच्यात अंतर असतं, आणि त्या अंतरात बरंच काही बदलतं, हे लपवायच्या ऐवजी पवारांनी तेच पुस्तकाच्या दारात उभं केलं. आमच्या पुस्तकात कळव्याची मुलगी कुठेच नाही. तिचे सगळे प्रश्न पुसून अण्णा एकटेच बोलत सुटल्यासारखं केलंय.

(हे कोर्टातही होतं, कबूल आहे. साक्ष साधारणपणे प्रश्नोत्तरांत उतरवत नाहीत, सलग कथन करतात. वकील विचारतो, “तुम्ही खोटं सांगताय ना?” साक्षीदार म्हणतो, “नाही हो साहेब.” कागदावर येतं, ‘मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ असं वाक्य बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण जिथे शब्द महत्त्वाचा असतो तिथे न्यायाधीश थांबवतात आणि सांगतात, हा प्रश्न आणि हे उत्तर आहे तसं घ्या. ही सोय लक्षात ठेवा, पुढे कामाला आली.)

तिसरं पुस्तक इंग्रजी आहे, लेकीच्या कपाटातलं. सावकाश वाचलं, पण डोक्यातून जात नाही. काझुओ इशिगुरो यांचं ‘द रिमेन्स ऑफ द डे’, १९८९ चं, त्याला बुकर मिळालेलं. स्टीव्हन्स नावाचा एका बड्या हवेलीतला बटलर म्हातारपणी जुनं आठवतो आहे. एक आठवण अशी की मिस केंटन या सहकारी बाईच्या बंद दाराबाहेर तो उभा आहे आणि आत ती रडत असणार याची त्याला खात्री आहे. आधी तो सांगतो, तिच्या मावशीच्या निधनाची बातमी आली त्या दिवशीचं हे. पुढे बऱ्याच पानांनी म्हणतो, माझा जरा घोटाळा झाला असावा. ते त्या संध्याकाळचं, जेव्हा तिने दुसऱ्या माणसाशी लग्न ठरवल्याचं मला सांगितलं. दार तेच, तो उभा तोच. फक्त तारीख सरकली, आणि एका सरकलेल्या तारखेने कळतं की हा माणूस इतकी वर्षं स्वतःपासून काय लपवत होता. प्रेम हा शब्द त्याला तेव्हा उच्चारावाही लागत नाही. आमच्या सेवेच्या संपादकाने काय केलं असतं? पहिल्या ठिकाणीच तारीख दुरुस्त केली असती. कादंबरी संपली.

अण्णांच्या तोंडात ‘ही होती बरोबर’ आलं ते असंच एक दार होतं. लग्नाआधीच्या गोष्टीत आई घुसली. का घुसली? मला माहीत नाही आणि ठरवायचंही नाही. पण ते वाक्य पुस्तकात असतं तर आमची नातवंडं कधीतरी तिथे थांबली असती.

तर झालं काय: मी मालकीणबाईंना जाऊन भेटले, ट्रामचा उतारा त्यांच्याच ऑफिसात त्यांना ऐकवला. चप्पल आली तिथे त्या हसल्या, आणि मग म्हणाल्या, “हे छान आहे की हो.” वाद तिथेच मिटला. पुस्तक पुन्हा छापणं परवडण्यातलं नव्हतं, पण ६,००० रुपयांत सोळा पानांची पुरवणी करून दिली, पुस्तकाच्या मागच्या आतल्या खिशात बसणारी. त्यात ट्राम आणि आणखी दोन प्रसंग प्रश्नोत्तरांत आहेत, मुलीच्या ‘असेल ना’सकट. दोन थाऊ दुरुस्त झाले. आणि शेवटची पानं आईची, तिच्याच शब्दांत, ‘हे म्हणतात त्यावर माझं म्हणणं’. अख्ख्या कामात सर्वांत वाचनीय पानं तीच. थोरल्या जाऊबाईंनी पुस्तक बाजूला ठेवून आधी तीच वाचली.

तुम्ही ही सेवा घेणार असाल तर घ्या, खरंच घ्या, आणि आई-वडिलांपैकी एकालाच बसवू नका. दुसऱ्याला शेजारच्या खोलीत नको, त्याच खोलीत बसू दे, मधे बोलू दे. पेन ड्राइव्ह आगाऊ ठरवून घ्या. मसुदा आला की तो टेपसमोर धरून वाचा, आणि ‘मला वाटतं’, ‘असेल’, ‘नाही, तसं नव्हे’ हे जिथे गाळलंय तिथे लाल पेन चालवा; संपादक कुरकुर करेल, करू द्या. तारखा, साल, इतिहास यांना तळटीप द्यायला सांगा, आजोबांच्या तोंडी नको. पुस्तक हाती आल्यावर आजोबांना लगेच पाठ करू देऊ नका हे सांगणं सोपं, ते आमच्याच्याने झालेलं नाही.

पुरवणी अण्णांनी चष्मा लावून दुपारभर वाचली. आईच्या पानावर समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘भायखळ्याला १९६५ पासून. त्याआधी फोर्टात.’ आई म्हणते साफ चूक. दोघांचंही पुढच्या छपाईत घालू, पण दहा प्रतींच्या खाली ते लोक मशीन लावत नाहीत, तेव्हा नातेवाइकांत मागणी आहे का बघते आहे.